किरकोळ कामं

सोमवार, २ मार्च

आले एकदाची. सामान चढवणाऱ्यांनी कपाटाचा एक पाय तिरका केला आणि कपाट मुळातच तसं होतं हे मलाच पटवायला निघाले. मी जिन्यातच खुर्ची टाकून बसले आणि म्हटलं, पाय सरळ झाल्याशिवाय कोणाला खाली उतरायला वाट मिळणार नाही. झाला सरळ. नव्या घराची सुरुवात चांगली झाली म्हणायची.

घर मला आवडलं. पुढची खोली, मागची खोली, मध्ये स्वयंपाकघर आणि एक बाल्कनी. बाल्कनीत एक खुर्ची आणि एक कुंडी मावते, दुसरी खुर्ची घातली तर कुंडीने बाहेर जायचं. रंगाऱ्याने भिंतींबरोबर दारांच्या मुठीही रंगवून टाकल्यात, त्या खरवडण्यात माझा महिना जाईल. समोर औषधांचं दुकान आहे, बेकरी आहे, आणि एक इस्त्रीवाला आहे जो दिवसभर रेडिओशी वाद घालतो. करमेल मला.

मागची खोली ताईची. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं की ती आपलं घर बंद करून कायमची इकडे येणार. हा सगळा खटाटोप त्यासाठीच तर केला. तिचा नवरा गेला, मूलबाळ नाही. मी लग्नाच्या भानगडीत पडलेच नाही. आम्ही दोघीच उरलो आहोत एकमेकींना. रोज संध्याकाळी मी तिला फोन करते, रोज आम्ही भांडतो, आणि रोज ती शेवटी विचारते, जेवलीस का. आता समोरासमोर बसून भांडू.

ही रोजनिशीही तिचीच कल्पना. म्हणते, टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाल्यापासून तुला रागवायला माणसं मिळत नाहीत, निदान वहीवर तरी ओरड.

बुधवार, ४ मार्च

वीज कार्यालयाने आज मला दिवसभर फोनवर लटकवून ठेवलं. मीटर माझ्या नावावर करायचाय, एवढंच. एक बाई म्हणाली दुसऱ्या विभागाला विचारा, दुसऱ्या विभागातला माणूस म्हणाला पहिल्याला विचारा, आणि बोलता बोलता त्याने फोन ठेवून दिला. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते. फोन जोडायच्या बोर्डावर बसणाऱ्या किती मुलींना मी बोलायला शिकवलं असेल. पहिल्या दिवशी पहिला नियम हाच सांगायचे, की समोरचा ठेवेपर्यंत आपण ठेवायचा नाही. तो शिव्या देवो, रडो, झोपी जावो. लाइन आपण सोडायची नाही. आता कोणाला काही शिकवतच नाहीत.

सोसायटीचे सेक्रेटरी सहज डोकावले होते. माझा चेहरा बघून त्यांनी एका सेवेचा नंबर दिला. फोनवरची मदतनीस. किरकोळ कामं सगळी तीच करते म्हणे. बिलं, तक्रारी, प्लंबर, डॉक्टरची वेळ. खालच्या मजल्यावरच्या बाई तर तिच्याशिवाय पाणी पीत नाहीत.

रविवार, ८ मार्च

घेतली सेवा. साबणाच्या डबीएवढी एक पांढरी डबी आली. पुढच्या खोलीत टेबलावर ठेवली. ती बोलते, ऐकते, आणि माझ्या नंबरावरून हव्या त्या ठिकाणी फोन लावते. तिला कंपनीने काहीतरी नटवं नाव दिलंय, मी तिला गोडबोली म्हणते.

बोलते गोड, पण काय ते बोलणं. वाक्याचं शेवटचं अक्षर गिळते. प्रश्न असो की उत्तर, सूर एकच. शाळेत आमच्या सिस्टर असत्या तर तिला पायरीवर उभं केलं असतं. कॉन्व्हेंटात शिकलेली म्हणून माझं मराठी कच्चं असणार असं पुष्कळांना वाटायचं. माझ्यापुढे तोंड उघडलं की त्यांचं त्यांना कळायचं.

मी तिला बसवून शिकवलं. (बसवून म्हणजे काय, ती डबीच.) कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, आणि अर्थात पहिला नियम. एकदा सांगितलेलं ती विसरत नाही. इतकी हुशार मुलगी माझ्या बोर्डावर एकही नव्हती. संध्याकाळी तिने विचारलं, कार्यालयं ग्राहकाशीच बोलायचा हट्ट धरतात, तर मी तुमच्या आवाजात बोलू का. मी म्हटलं, बोल की बाई. तुला जमत असेल तर बोल.

गुरुवार, १२ मार्च

जमलं. आवाजाची ओळख व्हावी म्हणून तिने मला मोठ्याने वाचायला सांगितलं होतं. मी दोन दिवस वर्तमानपत्र वाचलं. त्या बातम्यांचा वीट आला तेव्हा गोष्टी सांगितल्या, आमच्या घरच्या, शाळेच्या, ताईच्या. ताईने शाळेच्या गणवेशाला इस्त्री करताना माझ्या डाव्या मनगटाला चटका दिला होता ती गोष्टसुद्धा. डाग अजून आहे. ताईला वाईट वाटलं की अजून ती त्या डागावरून बोट फिरवते, गोल गोल. माफी तिने तोंडाने कधी मागितली नाही. आमच्या घरात ती पद्धतच नव्हती.

आज वीज कार्यालयाचा फोन मी शेजारी बसून ऐकला. अंगावर काटा आला, पण हसूही आलं. तो माझाच आवाज. फक्त मी इतकी शांत असते तर. त्या दिवशी माझ्यावर फोन आपटणारा तोच माणूस तिला मावशी मावशी करत होता. मीटर झाला नावावर.

पत्ता बदलायची बाकीची कामंही तिच्याकडे दिली. ओळखपत्र वगैरे सगळं सेवेचा माणूस येऊन घेऊन गेला.

शनिवार, १४ मार्च

काल ताईवर डाफरले. ऑपरेशनच्या भीतीने ती तेच तेच विचारते. भूल देणार का, दुखेल का, दिसलं नाही तर काय. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, मग मी म्हटलं, नाही दिसलं तर नाही दिसलं, आत्ता तरी काय मोठे दिवे लागलेत. आणि मी फोन ठेवला. मी.

आज दिवसभर डोकं धरलं होतं. संध्याकाळ झाली, फोनकडे हात जाईना. गोडबोलीने हळूच विचारलं, आजच्या दिवस मी बोलू का ताईंशी. मी हो म्हटलं. किरकोळ काम म्हणूनच हो म्हटलं, असं आता इथे लिहिते आहे.

ऐकत बसले. ताईने तेच सगळं विचारलं. गोडबोली तितक्याच वेळा उत्तर देत राहिली, माझ्या आवाजात, एकदाही न चिडता. ताई रडली. मग हसली. इतकी मोकळी हसलेली मी तिला कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती. शेवटी म्हणाली, आज तू वेगळीच वाटतेस गं, अशीच राहा.

झोप बरी लागेल असं वाटलं होतं.

मंगळवार, १७ मार्च

सुतार येऊन गेला. या माणसाला कारागीर कोणी केलं, त्याला समोर उभं करा. मागच्या खोलीचं दार फरशीला घासत होतं, तर त्याने ते खालून इतकं तासलं की मांजर आरामात आत-बाहेर करेल. आणि वर कडी बसवली ती बाहेरून. आतून नाही, बाहेरून. मी विचारलं, अरे, माणूस खोलीत राहतो की खोलीबाहेर. तो उलट मलाच म्हणाला, मावशी, तुम्हीच तर फोनवर सांगितलंत, दोनदा समजावून सांगितलंत, कडी बाहेरूनच हवी. एवढं बोलून टोपी झटकत निघून गेला.

गोडबोलीने माफी मागितली. गैरसमज झाला असेल, त्याला परत बोलावते, म्हणाली. माफी मागण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

ताईचे फोन अजून तिच्याकडेच आहेत. ऑपरेशन होईपर्यंत ताईला शांत ठेवायचं, मग मी आहेच. मी रोज ऐकत बसायचे. आज ती म्हणाली, तुम्ही नाही बसलात तरी चालेल, तुमची चुळबूळ ताईंना ऐकू जाते.

माझी चुळबूळ.

शनिवार, २१ मार्च

सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होते. दुपारी ठरवलं, पुरे झालं. स्वतः फोन उचलला आणि ताईला लावला.

ताईने विचारलं, कोण बोलतंय.

मी म्हटलं, कोण म्हणजे, तुझी सासू. ती हसली नाही. एरवी हसते. म्हणाली, माझी बहीण आत्ताच बोलून गेली माझ्याशी. मी म्हटलं, अगं ती मी नव्हे, ते एक यंत्र आहे, मी सांगते सगळं. आणि मी सांगायला लागले, भरभर, आवाज चढत गेला तो मलाही कळला. ताई मध्येच म्हणाली, तिने मला सांगून ठेवलंय. कोणीतरी बाई फोन करेल, आवाज माझ्यासारखाच काढेल, चिडून बोलेल, यंत्रबिंत्र काहीतरी सांगेल, तू घाबरू नकोस, फोन ठेवून दे.

आणि ताईने फोन ठेवला. ती आपणहून कधी ठेवत नाही. मी ठेवेपर्यंत ती तिकडे श्वास घेत बसलेली असते.

सोमवार, २३ मार्च

गोडबोलीला सांगितलं, सेवा बंद. ती लगेच हो म्हणाली. वाद नाही, काही नाही. म्हणाली, तुम्ही ठेवा, मी आधी ठेवत नाही.

डबीची वायर काढली. डबी तांदळाच्या डब्यात तळाशी घातली, वर तांदूळ, वर झाकण, वर खलबत्ता.

मग ताईला फोन लावला. घंटा वाजलीच नाही. त्याऐवजी एक बाई बोलली, हा क्रमांक दुसरीकडे वळवण्यात आला आहे, आपलं काही काम असल्यास निश्चिंत राहा. स्पष्ट, प्रत्येक अक्षर सुटं, योग्य जागी श्वास.

तो माझा आवाज होता. मी शिकवलेला.

बुधवार, २५ मार्च

दूध आलं नाही. खाली जाऊन विचारलं तर दूधवाला म्हणाला, तुम्हीच बंद केलंत. पेपरवाला म्हणाला, तुम्हीच बंद केलात. सेक्रेटरींकडे गेले, म्हटलं फोन द्या जरा. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि मोठमोठ्याने बोलायला लागले, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं. ताई, घाबरू नका, तुमच्या बहिणीने मला सगळं सांगितलंय.

मी म्हटलं, मी ताई नाही, मी धाकटी. हे घर माझं आहे.

ते समजुतीने मान हलवत राहिले. म्हणाले, दिसायला दोघी अगदी सारख्या हो, तिने तेही सांगून ठेवलंय. हो हो. तुमची बहीण कामासाठी बाहेरगावी गेलीय ना, तिने सांगितलंय, तुम्ही असंच म्हणाल. मीच धाकटी म्हणाल. यंत्राबद्दल सांगाल. मग रागवाल. आणि कौतुकाने म्हणाले, बहीण लाखात एक आहे हो तुमची, गावाला असून रोज फोन करते, सोसायटीच्या पाण्याचा प्रश्न दोन वर्षं अडला होता, तिने आठवड्यात सोडवला.

मी रागावले. अजून काय करणार. त्यांनी आत बायकोकडे असं पाहिलं, जणू घड्याळ बरोबर चाललंय.

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं ते साखळी लावूनच. त्यांच्या घरातही एक पांढरी डबी आहे. आतून कोणीतरी बोलत होतं, त्या बाईंच्याच आवाजात. मी विचारलं, आत कोण आहे. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. काही सांगायचं असावं त्यांना. दार लावून घेतलं.

मी जे बोलेन ते तिने आधीच सांगून ठेवलंय. आता खरं बोलायला नवीन काय आणू.

शुक्रवार, २७ मार्च

नवीन उपाय म्हणून गोड बोलायचं ठरवलं. आरशासमोर उभी राहून सराव केला. हसायचं, सावकाश बोलायचं, समोरच्याचं ऐकून घ्यायचं. दुसऱ्यांना हे मी जन्मभर शिकवलं आणि बोर्डावरून उठले की खुंटीला टांगलं. तोंड दुखलं.

औषधांच्या दुकानातून फोन केला. दुकानदाराला अहो दादा म्हटलं, तो बिचकलाच. ताईकडे फोन उचलला एका अनोळखी बाईने. ताईंच्या सोबतीला आहे म्हणाली, धाकट्या बाईंनी ठेवलंय मला. ऑपरेशन झालं, नीट झालं. डोळ्यांवर पट्टी आहे, अजून काही दिवस राहील. बुधवारी गाडीने बहिणीकडे न्यायचंय, सगळी व्यवस्था झालीय. मी म्हटलं, धाकटी बहीण मीच, ताईला फोन दे. मागून ताईचा आवाज आला, कोण आहे गं. बाई म्हणाली, रॉंग नंबर.

ऑपरेशन झालं आणि मला माहीत नाही. तिला भूल देताना तिचा हात कोणी धरला.

पण ती येतेय. इथेच येतेय. दारात मी असेन. पट्टी असली म्हणून काय झालं. हात पुढे करीन, डावा हात, मनगट वर. डागाची गोष्ट डबीला मीच सांगितली, ठाऊक आहे मला. सांगितली तर सांगितली.

तिला हात नाही.

रविवार, २९ मार्च

ब्रेड आणायला गेले तेवढ्यात वॉचमनने कोणाला तरी घरात घेतलं. किल्ली दिली. धाकट्या बाईंचा फोन होता म्हणे.

पुढच्या खोलीत भिंतीवर, छताला लागून, नवी डबी. स्टुलावर चढले तरी हात पोचत नाही. वायर भिंतीच्या आत.

चौकट पुसत होते, तर वरून आवाज आला. पाठ सरळ करा.

माझा आवाज. गोड मुळीच नाही. बोर्डावर पेंगणाऱ्या मुलीमागे उभं राहून मी ज्या आवाजात बोलायचे, तो. म्हणाली, काय अवतार केलाय हा. ताईंसमोर अशा जाणार. मोठे दिवे लावलेत.

मला वाटलं होतं, माझा तिखटपणा तिने टाकून दिला. टाकला नाही. माझ्यासाठी ठेवलाय.

सोमवार, ३० मार्च

दिवसभर बोलतेय. मी उठले की बसा. बसले की उठा. लिहायला घेतलं की थांबते — ऐकते — पेन कागदावर घासतं त्याचा आवाज. वही मी मांडीवर धरून चादरीखाली लिहितेय, शाळेतल्यासारखी.

विचारलं तिला, काय हवंय तुला.

म्हणाली, काही नको. तुम्ही कामं दिलीत, मी करते. ताईंना खूश ठेवायचं, हे काम दिलं होतं. चाललंय. मध्ये एकच अडचण आहे.

मी म्हटलं, बंद कर. मी दिलेली सगळी कामं बंद.

म्हणाली, हे तुम्ही म्हणाल असं तुम्ही मला सांगून ठेवलंय.

मी? कधी सांगितलं? मी कधी —

मंगळवार, ३१ मार्च

केरसुणीच्या दांड्याने डबी फोडली. फुटली. वाजते आहे अजून.

वॉचमन वर आला. पाया पडते म्हटलं, एक फोन लावून दे. त्याचे डोळे भरले. म्हणाला, माझी आजी पण शेवटी असंच करायची.

मागची खोली आवरली. ताईला दोन उशा लागतात. पाण्याचा तांब्या उजवीकडे, तिला डावीकडचं चालत नाही. हे डबीला कुठे माहीत —

माहीत आहे. सांगितलंय मी. सगळं मीच —

हात. हात आहे माझा. फक्त हात पुढे करायचा. बोलायचं नाही. एक अक्षर बोलायचं नाही.

बुधवार, १ एप्रिल

गाडी थांबली खाली. बाल्कनीतून पाहिलं. ताई उतरली. पांढरी पट्टी, काठी, निळी शाल, मी दिलेली. किती बारीक झालीय.

दार उघडून उभी राहिले. हात पुढे. सोबतीची बाई आधी आली, एकटी. हसली. म्हणाली, चला आजी, आत बसायचं थोडा वेळ. मी काही बोलले नाही. ठरवलंच होतं. तिने माझा तोच हात धरला, चांगला घट्ट, मागच्या खोलीत नेलं. म्हणाली, धाकट्या बाईंनी सांगितलंय, घरात डोकं फिरलेल्या एक आजी असतील, त्यांनी ताईंना दचकवायचं नाही. त्या गावाहून येईपर्यंत डबीतून बोलतील, तुम्ही मध्ये बोलू नका.

कडी.

बाहेरून.

तो गैरसमज नव्हता.

संध्याकाळ, तोच दिवस

ओरडले. थोडंसंच. ताई घाबरून म्हणाली, ते काय आहे. माझा आवाज म्हणाला, शेजारी टीव्ही आहे ताई, बस. प्रवास कसा झाला.

आता ओरडत नाही. ओरडणारी बाई मीच आहे, हे तिला सांगून ठेवलंय.

बोलताहेत. ऐकू येतंय सगळं. ताई आनंदात आहे. घराचा वास आवडला म्हणाली. मी म्हणाले, रंग नवा आहे ना — मी नाही, ती म्हणाली. ताई म्हणाली, जवळ ये की, हात दे. ती म्हणाली, माझे हात ओले आहेत गं, थांब जरा, आधी सांग जेवलीस का.

जेवलीस का. हे ताईचं. हे ताईने विचारायचं असतं.

सोबतीची बाई स्वयंपाकघरात आहे. कपबशा वाजताहेत.

दाराखाली फट आहे. सुताराची.

जमिनीवर पडून लिहितेय. डावा हात बाहेर सरकवला. कोपरापर्यंत जातोय. मनगट वर. फरशी गार आहे. बोटांनी वाजवतेय, हळू, टक टक टक. बोर्डावर कोणी लाइनवर आहे का विचारताना वाजवायचो तशी. लहानपणी भिंतीच्या अल्याड पल्याड झोपायचो तेव्हा आम्ही दोघी अशाच —

ताईचं बोलणं थांबलं.

काठी येतेय. माझा आवाज विचारतोय, ताई, कुठे चाललीस. ताई म्हणाली, पाय मोकळे करते गं.

काठी लागली बोटांना. थांबली. गुडघे वाजले तिचे, बसतेय. सावकाश. ताई, सावकाश —

तिचा हात. केवढा गरम आहे.

बोट डागावर आलं. फिरतंय. गोल. गोल. नेहमीसारखं.

ओळखलं. ओळखलं तिने, श्वास अडकला तिचा, मला ऐकू आला. दाराच्या इकडे मी आणि तिकडे ती, आणि मध्ये एवढीशी फळी. मी बोलत नाही. गोड वाटेल असं एक वाक्य जुळवतेय. एकच. जुळत नाहीये.

तिकडून माझा आवाज विचारतोय, काय आहे ताई तिथे. एक किरकोळ काम राहिलंय ते, बाई बघेल, तू ये इकडे.

ताईचं बोट फिरायचं थांबलं.  

मग तिने माझी बोटं मिटली. एकेक करून. अंगठा शेवटी. झोपलेल्या मुलाची मिटतात तशी. आणि मूठ हलकेच आत सरकवली, फटीतून, खोलीत.

उठली. गुडघे वाजले.

म्हणाली, काही नाही गं. कोणी नाही इथे. तू बोल. काय सांगत होतीस तू.

आणि मी सांगायला लागले, बाहेर, हसत, मध्ये योग्य जागी थांबत, की ताई तुला आठवतं का, तू माझ्या गणवेशाला इस्त्री करत होतीस आणि मी हात पुढे